भेकराचं पिल्लू वाचवलं, आता त्याचं काय करू?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. (भेकर म्हणजे आपल्या रानातलं ते छोटं, भुंकणारं हरीण.) नाव-गाव गाळून, थोडं आटोपतं करून इथे देते.

"गेल्या चैत्रात काजूच्या बिया वेचायला गेलो होतो. आमचं कुत्रं एका झुडपापाशी जाऊन हुंगायला लागलं. बघतो तर भेकराचं पिल्लू. अंगावर पांढरे ठिपके, मांजराएवढं. आई कुठे दिसेना. पिल्लू हलतही नव्हतं, ओरडतही नव्हतं. कुत्री फाडतील म्हणून आमच्या ह्यांनी शर्टात गुंडाळून घरी आणलं. गाईचं दूध पाजलं तर हगवण लागली, मग शेजारच्या शेळीचं पाजलं आणि जगलं. सोन्या नाव ठेवलं. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने त्याला वाढवलं म्हणा. गोठ्यात गुरांबरोबर असतो, कुत्र्याशी खेळतो, मुलगा त्याच्या अंगाला टेकून झोपतो.

आता त्याच्या कपाळावर शिंगांचे कोंब आलेत. दोन महिन्यांपासून ढुशी मारायला लागलाय. ह्यांना काही करत नाही, पण मुलाच्या आणि सासऱ्यांच्या अंगावर जातो. पंधरा दिवसांपूर्वी मुलाच्या मांडीला त्याचा सुळा लागला, रक्त आलं, हळद लावली. सासूबाई म्हणतात, लक्ष्मीच्या पावलाने आलाय, घालवू नका. बेळगावचे दीर म्हणतात, फॉरेस्टला कळवा. हे म्हणतात, कळवलं तर आपल्यावरच केस होईल. चंदगडकडचे एक नातेवाईक त्यांच्या फार्महाऊसवर न्यायला तयार आहेत. गावातला एक जण म्हणाला, रात्री भीमगड अभयारण्यात सोडून या, कुणाला कळणार नाही. मला त्याला पिंजऱ्यात घालायचं नाही. भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात काळवीट मेले तेव्हापासून तर नाहीच. आम्ही एक जीव वाचवला, तो गुन्हा झाला का ओ?"

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी मुलाची मांडी. जखम भरून आली म्हणून सोडून देऊ नका. रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो. भेकराकडून तो माणसाला होण्याची शक्यता कमी, पण सोन्या गावच्या कुत्र्यांत वावरतो आणि धोका किती ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, हळदीचं नाही. सरकारी दवाखान्यात जा आणि कुठल्या प्राण्याने, कधी, कसं लागलं ते खरं खरं सांगा. लस उशिरा सुरू केली तरी उपयोगाची असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. दुसरी गोष्ट गोचिडांची. तुमचा पट्टा सत्तरी आणि दोडामार्गाला लागून आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्या भागात माकडतापाने माणसं दगावली आहेत, काजूच्या बागांत राबणारेही त्यात आजारी पडले. हा ताप गोचिडांमधून येतो आणि साधारण डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस. सोन्या स्वतः रानात जात नसेल, पण तुमची गुरं जातात आणि गोठा एकच आहे. तेव्हा आज रात्रीपासून मुलाचं अंथरूण घरात.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, "आई कुठे दिसेना." तुमची सगळी गोष्ट या वाक्यावर उभी आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडी थांबते.

भेकराची मादी पिल्लाला घेऊन हिंडत नाही. पहिले काही आठवडे ती त्याला झुडपात, पालापाचोळ्यात निजवते आणि स्वतः लांब जाते. दिवसातून काही वेळा येऊन पाजते, चाटते, परत जाते. ती जवळ राहिली तर तिच्या वासावर बिबट्या, कोळसुंदे (रानकुत्री) पिल्लापर्यंत पोचतील. पिल्लाच्या अंगाला वास फार कमी असतो. ठिपक्यांमुळे ते पाचोळ्यात मिसळून जातं आणि धोका वाटला की जमिनीला चिकटून निपचित पडतं. तुम्ही लिहिलंत, ते हलत नव्हतं, ओरडत नव्हतं. तुम्हाला ते अर्धमेलं वाटलं. निरोगी पिल्लू तसंच वागतं. आई बहुतेक शंभर-दोनशे पावलांवर उभी असणार, तुम्ही आणि कुत्रं कधी निघून जाता याची वाट बघत.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण आता काजूला पुन्हा मोहर आलाय. महिन्या-दीड महिन्यात तुमच्याच गावातलं कुणीतरी झुडपाखाली असंच पिल्लू बघेल आणि त्याला तुमच्या सोन्याची गोष्ट आठवेल. त्या माणसाला एवढंच सांगायचं: कुत्रं बांध, वेचणी दुसऱ्या बाजूला सुरू कर, तिथून लांब जा. पिल्लाच्या अंगावर जखम आहे, माश्या किंवा मुंग्या लागल्यात, जवळच आई मरून पडली आहे, किंवा ते तासन् तास ओरडतंय, अशी काही खूण असेल तरच ते अडचणीत आहे. तेव्हाही फोन आधी, हात नंतर. आणि चुकून कुणी उचललंच असेल तर त्याच दिवशी त्याच जागी नेऊन ठेवावं. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळे सांगतात. बहुतेक प्राण्यांत तसं होत नाही.

म्हणजे तुमचं चुकलं का? कुत्रं पिल्लाच्या नाकापाशी होतं, तुमच्या यजमानांनी दोन सेकंदांत ठरवलं. त्या दोन सेकंदांचा मी तुम्हाला दोष देणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, पिल्लाला हगवण लागली तेव्हा, एक फोन करायला हवा होता. हरणाच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश आणि प्रथिनं कितीतरी जास्त असतात. गाईच्या दुधावर अशी पिल्लं बहुतेक वेळा मरतात. सोन्या जगला तो शेळीमुळे आणि नशिबामुळे. असं जगलेलं एक पिल्लू गावाला दिसतं, न जगलेली कुणी मोजत नाही, म्हणून "भेकर पाळता येतं" असा समज पसरतो. त्याचं मला जास्त भय वाटतं.

आता ढुशीबद्दल. सासूबाईंना तो कृतघ्न झालाय असं वाटत असेल, तर त्यांना माझं एक सांगा. जंगलातलं नर भेकर वयात आलं की आपला इलाखा धरतं. डोळ्यांखालच्या ग्रंथींचा वास झाडाझुडपांना लावून हद्द आखतं आणि दुसरा नर आत आला की त्याच्यावर धावून जातं. शिंगं आखूड असतात, भांडणात खरं हत्यार म्हणजे वरच्या जबड्यातले सुळे. माणसाला ते घाबरतं आणि पळतं, म्हणून आपल्याला हे सुळे कधी भोगावे लागत नाहीत. सोन्याने मात्र डोळे उघडल्यापासून माणसंच पाहिली. त्याच्या लेखी तुम्ही सगळे भेकरंच आहात. तुमचा मुलगा आणि सासरे हे त्याच्या इलाख्यातले दुसरे नर, त्यातही त्याला पेलतील असे. तुमच्या यजमानांना तो काही करत नाही ते प्रेमापोटी नसावं, ते अंगाने मोठे आहेत म्हणून असावं. बाटलीवर वाढवलेल्या नर हरणांचं हे असं होतं, जगभर होतं, आणि मार देऊन, उपाशी ठेवून, शिंगं कापून ते जात नाही. उलट वाढतं. अजून त्याची पूर्ण वाढही झालेली नाही. पुरा नर २०-२५ किलोचा होतो आणि त्याचे सुळे पोट फाडू शकतात. त्यामुळे "ठेवावं का" हा प्रश्न मी इथेच संपवते. लक्ष्मीच्या पावलाने आला असेल, पण त्याच्या सुळ्यापुढे तुमचं लेकरू आहे.

राहिले तीन रस्ते: भीमगड, चंदगड, फॉरेस्ट.

रात्री भीमगडात सोडायचं, हे ऐकायला फार चांगलं वाटतं. जंगलातून आणला, जंगलात दिला, फिटंफाट. पण सोन्या जंगलातून आलेला असला तरी जंगल त्याने पाहिलेलं नाही. रानातलं पिल्लू आईच्या मागे काही महिने हिंडतं आणि त्या काळात शिकतं: कुठल्या महिन्यात कुठल्या झाडाखाली फळ पडतं, आवळा कुठे, उंबर कुठे, उन्हाळ्यात कोणत्या ओढ्याला पाणी टिकतं, बिबट्याचा वास आला की भुंकायचं आणि कुठे पळायचं. सोन्याला यातलं काही येत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला कुत्र्याची भीती नाही. भीमगडात कोळसुंद्यांचे कळप आहेत. तुमच्या कुत्र्याशी खेळतो तसा तो त्यांच्यापुढे उभा राहील. त्यातून वाचला तर तिथे आधीच इलाखा धरून असलेला एखादा थोराड नर त्याला फोडेल. त्यातूनही वाचला, तर भूक लागल्यावर तो माणसाच्या वासाने जवळच्या वाडीवर जाईल, आणि तिथलं कुणीतरी पोर अंगणात खेळत असेल.

आणि त्याच्याबरोबर जंगलात काय जाईल याचाही विचार करा. तो दहा महिने गुरांच्या गोठ्यात राहिलाय. लाळ्या-खुरकूत, घटसर्प हे गुरांचे रोग रानातल्या खुरवाल्या जनावरांना लागतात. तुम्ही भुतरामनहट्टीच्या काळवीटांचं लिहिलंत. २०२५ च्या नोव्हेंबरात तिथे थोड्या दिवसांत तीसच्या आसपास काळवीट गेले, त्याचं कारण घटसर्पाचा संसर्ग हेच सांगितलं गेलं. कुंपणाच्या आतला कळप निदान मोजता तरी येतो. जंगलात असा रोग गेला तर किती मेले हे कळणारही नाही. शिवाय परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हा वेगळा गुन्हा. एक लपवायला दुसरा करायचा, असं होईल.

माणसाने वाढवलेले प्राणी जंगलात परत जातच नाहीत, असं नाही हं. आसामात काझीरंगाजवळ २००२ पासून एक पुनर्वसन केंद्र चालतं. तिथे पुरात वाहून आलेली, आईपासून तुटलेली गेंड्यांची आणि हत्तींची पिल्लं वाढवून मानसच्या जंगलात सोडली आहेत. पण ते काम काही वर्षांचं असतं. पिल्लाला हात लावणारी माणसं ठरलेली, बाकी कुणी जवळ जायचं नाही. एकाच जातीची पिल्लं एकत्र वाढवायची. सोडण्याआधी जंगलातच कुंपणात कितीतरी महिने ठेवायचं, दार उघडल्यावरही मागावर राहायचं. प्रेमाने वाढवणं तिथे मुद्दाम टाळतात. सोन्याला नाव आहे, मिठी आहे, मुलाच्या कुशीतली झोप आहे. जंगलात जायच्या दृष्टीने हेच त्याच्या आड येणार.

चंदगडचं फार्महाऊस. तुमचे नातेवाईक मनाने चांगले असतील, पण त्यांच्याकडेही कुंपण, कुत्री आणि माणसं हेच आहे. फक्त मांडी दुसऱ्याच्या मुलाची. कायद्याने हा रस्ता सगळ्यात अवघड आहे. तिलारीतून चोर्ल्यात येणाऱ्या भेकराला कुणी कागद विचारत नाही, सीमाप्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. पण तुम्ही त्याला गाडीत घालून शिनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात शिरलात की ती वन्यप्राण्याची बेकायदा वाहतूक झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे असा विनापरवाना पाळलेला प्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तुमच्या बाबतीत ते राज्य कर्नाटक. त्याला दुसरीकडे न्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. बेळगावातली आपली बरीच माणसं जखमी घुबड, खवल्या मांजर, काही सापडलं की आधी कोल्हापूर-पुण्याच्या ओळखीच्या संस्थेला फोन लावतात, कारण तिथे मराठीत बोलता येतं आणि माणसं मायेने ऐकतात. सल्ला विचारायला जरूर लावा. पण प्राणी स्वतःच्या गाडीतून हलवू नका. तुमच्याबरोबर त्या संस्थेलाही अडचणीत आणाल.

उरला फॉरेस्टचा रस्ता. माझं मत त्याच बाजूचं आहे, पण तो गोड करून सांगणार नाही.

कायदा म्हणतो, असा प्राणी ताब्यात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. तुम्हाला दहा महिने झाले. केस होणारच नाही, असं मी इथे बसून कबूल करू शकत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यातला दंडही वाढला आहे. पण तुम्ही आपणहून, लेखी, सगळं खरं सांगून गेलात, तर तुमची गोष्ट एक. ढुशी खाल्लेल्या शेजाऱ्याने तक्रार केली, किंवा मुलाने काढलेला व्हिडिओ फिरत फिरत गार्डपर्यंत गेला आणि मग ते दारात आले, तर तीच गोष्ट पार वेगळी होते. आणि सोन्या वाढतोय, तो काही लपून राहणार नाही. यजमानांना हे असं सांगून बघा.

फॉरेस्टवाल्यांबद्दल तुमच्या भागात मनात काय असतं, हे मला समजतं. आमगाव, गवाळी, कोंगळा, तळेवाडी या बाजूला फॉरेस्टचा माणूस म्हणजे वाट अडवणारा, लाकडाची मोळी हिसकावणारा, स्थलांतराचं बोलणारा. त्यात कार्यालयातलं बोलणं कन्नडमधून. आपली चूक नसताना ज्या दारात जायला पाय अडखळतात, त्या दारात चूक घेऊन जायचं म्हणजे काय, ते कळतं. म्हणून एकट्या जाऊ नका. ग्रामपंचायतीतलं कुणी, शाळेतले गुरुजी, कन्नड चांगलं येणारं एखादं माणूस बरोबर घ्या. फारच धास्ती असेल तर आधी खानापूर कोर्टातल्या एखाद्या वकिलाशी बोलून घ्या. दिरांना नुसतं "कळवा" म्हणून थांबू देऊ नका, एक दिवस रजा काढून बरोबर यायला सांगा. आधी फोन करायचा असेल तर १९२६ ही वनखात्याची मदतवाहिनी आहे. (हाच क्रमांक महाराष्ट्रातही आहे. सीमेवरचा मोबाइल कधी कुठला टॉवर पकडेल नेम नाही, म्हणून गाव, तालुका आणि "कर्नाटक" हे आधी सांगा.)

आणि पिंजरा? सोन्या बहुतेक कुंपणातच राहील. भुतरामनहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात जाईल किंवा राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, ते वनखातं ठरवेल. पशुवैद्यकांनी तपासून त्याला परत सोडता येईल असं ठरवलं तर आनंदच आहे, पण त्या आशेवर बसू नका. तुम्हाला पिंजरा नको वाटतो, तर मी विचारते, आत्ता तो कुठे आहे? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला खात्री आहे की मुलाला लागल्यापासून त्याच्या गळ्यात दोरी आली असणार. चार हात दोरीवर गाईंच्या मधोमध बांधलेलं भेकर, आणि झाडं असलेल्या कुंपणात भेकरांच्या सोबतीतलं भेकर. यांत पिंजरा कुणाचा मोठा? भुतरामनहट्टीला जे झालं ते वाईटच झालं आणि त्याबद्दल प्रश्न विचारायलाच हवेत. तरी तिथे किमान तपासणी झाली, रोगाचं नाव कळलं. तुमच्या गोठ्यात सोन्या सकाळी मरून पडला तर तुम्ही त्याला कुणाला न सांगता पुराल.

ते न्यायला येईपर्यंत काही दिवस जातील. तेवढ्यात त्याची दोरी काढता येईल अशी एखादी बंद जागा करा, गुरांपासून वेगळी, कुत्रं पोचणार नाही अशी. भाकरी, भात, बिस्किटं हळूहळू बंद करा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असं पीठ-धान्य जास्त गेलं की पोट आंबतं, शेळ्यावाल्या शेजाऱ्यांना विचारा. उंबर, बोर, फणस, आपटा यांचा कोवळा पाला द्या, पाणी ठेवा, आणि एकाच मोठ्या माणसाने आत जायचं. मुलाने आणि सासऱ्यांनी नाही. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: त्याला पकडून, पाय बांधून, पोत्यात किंवा पिकअपमध्ये घालून स्वतः ऑफिसात नेणं. हरणाच्या जातीला पाठलाग आणि ओढाताणीचा असा धसका बसतो की स्नायू आतून तुटायला लागतात, त्यांतून सुटलेल्या द्रव्याने मूत्रपिंडं बंद पडतात. वरवर प्राणी ठीक दिसतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतो. माणसाळलेल्या भेकरालाही हे होतं. पशुवैद्यक येऊ दे, लागलं तर भूल देऊन नेऊ दे. न्यायच्या दिवशी अंगणात गाव गोळा करू नका. फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत, हार तर नाहीच नाही.

हाच धसका गाडीची धडक बसलेल्या हरणाला, विहिरीत पडलेल्या सांबराला, कुत्र्यांनी घेरलेल्या भेकरालाही बसतो. तुमच्यासारखी पत्रं मला वर्षभर येतात, म्हणून बाकीच्यांसाठीही लिहिते. जखमी प्राण्याला पहिली मदत म्हणजे अंधार आणि शांतता. डोळ्यांवर कापड, माणसं लांब, तोंडात पाणी ओतायचं नाही, दूध तर नाहीच. पाणी ओतलं की ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनियाने मरण येतं. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या वाचकांची पत्रं ऊसतोडीच्या दिवसांत येतात: फडात बिबट्याची पिल्लं सापडली. अंगभर ठिपके नसतील, नुसते फिकट पट्टे असतील तर ती बहुतेक रानमांजराची असतात. पण कुणाचीही असोत, तोड तिथे थांबवा, कोयता आणि माणसं बाजूला न्या, १९२६ ला सांगा. जुन्नरकडे वनखातं हेच करत आलंय. पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच फडात, त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि लांब जातात. आई बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या रात्री येऊन घेऊन जाते. मुकादमाला एका दिवसाची तोड बुडाली म्हणून राग येतो, ते खरंय. त्याला म्हणावं, पिल्लं घरी नेलीस तर आई तुझ्या कोपीभोवती रात्रभर फिरेल, मग ठरव.

ताई, आता तुमचा मुलगा. तुम्ही अख्ख्या पत्रात त्याला काय वाटतं हे एका ओळीतही लिहिलं नाहीत. मला वाटतं, तुमची खरी अडचण तीच आहे.

त्याला शाळेत पाठवून पाठीमागे सोन्याला देऊ नका. "जंगलात गेला, तिथे त्याची आई भेटली" असंही सांगू नका. बारा वर्षांचं पोर आहे, चार दिवसांत गावातलं कुणीतरी खरं सांगेल, आणि मग सोन्याही गेला आणि आई खोटं बोलली, अशी दोन दुःखं होतील. आधीच बसवून सांगा. सुळा का लागला ते सांगा, म्हणजे सोन्या आपल्यावर चिडलाय असं त्याला वाटायला नको. पिल्लाची आई जवळच असेल, हेही सांगा. हे ऐकायला त्याला कठीण जाईल, पण त्याच्या वर्गातल्या मुलांपैकी कुणाला उद्या झुडपात पिल्लू दिसलं तर "उचलू नको" म्हणणारं एक माणूस गावात तयार होईल. आणि त्याला काम द्या. सोन्या काय खातो, कशाला घाबरतो, कुठे हात लावला की चिडतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. ते त्याने वहीत लिहावं आणि पशुवैद्यकांच्या हातात द्यावं. त्यांना त्याचा खरोखर उपयोग होईल. नंतर प्राणिसंग्रहालयात भेटायला जायचं म्हणेल. काही महिने जाऊ द्या, सोन्याला नवी जागा अंगवळणी पडायला हवी. मग जा, कुंपणाबाहेरून बघा, हाक मारू नका. तो रडेल. रडू द्या. लगेच कुत्र्याचं पिल्लू आणून देऊ नका.

सासूबाईंचं मी तुमच्यावर सोडते. दहा महिने त्यांनीही त्याला पाला घातला असणार, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर तो विरोध समजू नका.

तेव्हा उद्या सकाळी आधी दवाखाना. मग अर्ज. तुमच्या भाषेत, मराठीत लिहा: पिल्लू कधी, कुठे, कसं मिळालं, काय पाजलं, कुणाला काय लागलं, आणि आता आपणहून ताब्यात देत आहोत. तारखा आठवतील तितक्याच, अंदाज असेल तिथे अंदाज म्हणा. तहसील कार्यालयाजवळच्या टायपिंगवाल्याकडून त्याचा कन्नड तर्जुमा करून घ्या, दवाखान्याचा कागद जोडा, दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर वनखात्याच्या रेंज ऑफिसचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय उठू नका.